मलाकीची साखर आणि बहिणीची गोड जीभ

एकोणिसाव्या वर्षी मलाकीच्या कानात आवाज बोलू लागले. बेटाच्या राजधानीत, आपियात, डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला, गोळ्या दिल्या. आवाज दबले, पण भूक खवळली. चाळिशीत वजन दीडशे किलोला टेकलं आणि साखरही चढली.

"बास! उद्यापासून गोळ्या बंद," एका रविवारी जेवताना त्यानं जाहीर केलं.

थोरली बहीण फुआतिनो वाढता वाढता थांबली. मागे एकदा गोळ्या सुटल्या, तेव्हा हा पठ्ठ्या दोन दिवस नीरफणसाच्या झाडावर जाऊन बसला होता.

"गोळ्या बंद, तर माझं रांधणंही बंद. तुझ्या त्या आवाजांनाच सांग तारोचे कंद उकडायला!"

सोमवारी तिनं त्याला दंडाला धरून दवाखान्यात नेलं. तिथं नर्स फेतू एका संशोधनासाठी मलाकीसारख्या रुग्णांचं आणि त्यांच्या भावंडांचं रक्त घेत होती. तिनं दोघांचंही घेतलं. फुआतिनो भावाहून चार बोटं रुंदच, पण तिची साखर अगदी नॉर्मल! मलाकी भडकला.

"एकाच आईच्या पोटचे आम्ही. ही तर माझ्यापेक्षा जाड! मग साखर मलाच का?"

"माझी साखर सगळी जिभेवर असते," फुआतिनो म्हणाली, "रक्तात उरतेच कुठे?"

फेतू खो खो हसली. "दादा, तुमच्या घराण्याचं अंगच चरबी साठवणारं, ते पूर्वजांकडून आलंय. त्यात तुमच्या या आवाजांच्या आजारात साखरेचा धोका मुळातच जास्त, आणि वर गोळीची भूक. पण रक्तात लिहिलेलं सगळंच शरीर वाचत नाही. खाणं, झोप, हालचाल, औषध यांनी काही ओळी उघडतात, काही झाकल्या जातात. तेच आम्ही शोधतोय."

"म्हणजे दोष माझ्या खादाडपणाचा नाही?"

"सगळा नाही."

वीस वर्षं गाव मलाकीला खादाड म्हणत होतं आणि त्यालाही ते पटलं होतं.

डॉक्टरांनी हळूहळू गोळी बदलली, साखरेची एक जोडली. फुआतिनोनं डब्यातलं खारं मांस घरातून हद्दपार केलं. नारळाचं दूध फक्त रविवारी.

"आजारी हा, आणि उपास आम्हाला!" तिचा नवरा सेफो करवादला.

"तुझंही पोट बघ आधी," ती म्हणाली. सेफोनं ताट पुढे ओढलं.

संध्याकाळी गावच्या बायका किरिकिटी खेळत, बेटावरचं आपलं क्रिकेट. मलाकी त्यांचे चेंडू आणून देऊ लागला.

"मलाकी, चेंडू पळतोय रे, तू नाहीस!" बायका ओरडत. तो धापा टाकत हसे, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

आठ महिन्यांत अकरा किलो उतरले, साखरही बरीच खाली आली. आवाज अधूनमधून कुजबुजत, पण त्यांच्याकडे लक्ष द्यायला त्याला सवड नसे. फेतूनं दुसऱ्यांदा रक्त घेतलं.

"तुमच्या शोधाचं उत्तर कधी कळणार?" मलाकीनं विचारलं.

"दोन-तीन वर्षं तरी लागतील."

"लागू देत. मला कुठं जायचंय?" असं म्हणत तो लगबगीनं उठला. बाहेर ट्रकमधून बायका हाका मारत होत्या. शेजारच्या गावाशी सामना होता, आणि आज त्या त्याला फलंदाजीला उतरवणार होत्या.