आठबैली इंजिन

ही गोष्ट मी साठेक वर्षं कोणाला सांगितली नाही. घरात रेल्वेच्या आठवणी निघाल्या की मी फलाटावरच्या मिरचीच्या पोत्यांबद्दल बोलायचो, वाफेच्या इंजिनांबद्दल बोलायचो आणि नेमका इथे येऊन थांबायचो. आता मला शिक्षा करणारं कोणी उरलेलं नाही. खरं सांगायचं तर कागद पुढे ओढला तेव्हापासूनच हलकं वाटतंय.

पन्नासच्या दशकाच्या शेवटी मी नंदुरबारजवळच्या एका लहान स्टेशनावर असिस्टंट स्टेशन मास्तर होतो. नवाच. वाफेची इंजिनं तेव्हा चाकांवरून ओळखत: पुढची लहान चाकं, मधली दांड्याने जोडलेली मोठी, मागची लहान. दोन-आठ-दोन म्हणजे मिकाडो, चार-सहा-दोन म्हणजे पॅसिफिक, चार-सहा-शून्य म्हणजे टेनव्हीलर. ही नावं मी पाठ केली होती आणि गरज नसताना वापरायचो.

आमच्या पॉइंट्समनची, म्हणजे सांधे बदलणाऱ्या माणसाची, नावं वेगळी होती. रेल्वेत येण्याआधी तो तापीकाठच्या एका गुजर शेतकऱ्याकडे सालदार होता. काळ्या रानातली हरळी उपटायला तिथे एका नांगराला बैलांच्या तीन-तीन, चार-चार जोड्या जुंपत. तो जोडलेली मोठी चाकं बैल धरून मोजायचा. सहा असली तर सहाबैली, आठ असली तर आठबैली. लहान चाकं म्हणजे वासरं. "त्या नुसत्या संगे चालतस," म्हणायचा. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा होता, तरी मी त्याला अरेतुरे करायचो. तशीच पद्धत होती.

स्टेशनातून एक साईडिंग, म्हणजे बाजूची लाईन, कापसाच्या जिनिंगमध्ये जायची. तिचं वळण इतकं आखूड होतं की आठ चाकं जोडलेलं इंजिन तिथे न्यायला मनाई होती. रोज मालगाडीला टेनव्हीलर यायचं, म्हणून त्या दुपारी गाडी यायच्या आधीच मी इंजिन साईडिंगवर न्यायच्या परवानगीची चिठ्ठी लिहून त्याच्या हातात दिली. गाडी आली आणि तो चिठ्ठी घेऊन परत दारात उभा राहिला.

"मास्तर, जरा भायेर ईसन दखा. आज सहाबैली नही, आठबैली शे."

"अरे, टेनव्हीलर आहे. रोजचंच."

"रोजनं नही. आठ बैलना नांगरले वळाले बांधवर जागा लागस. ह्या वाकनमा वळनार नही."

"तू बैल मोज. इंजिनं मी बघतो. जा, झेंडी दाखव."

खिडकी चार पावलांवर होती. मी उठलो नाही.

हुकूम तो हुकूम. त्याने सांधे बदलले, हिरवी झेंडी दाखवली. वळणावर कर्कश आवाज झाला आणि मोठ्या चाकांची एक जोडी रुळावरून खाली उतरली. वेग बैलगाडीचा होता, कोणाला खरचटलंही नाही. मी धावत गेलो आणि आधी चाकं मोजली. आठ. मग त्याच्याकडे चिठ्ठी मागितली. त्याने विश्वासाने दिली. ती मी चहाच्या शेगडीत घातली.

चौकशीला दोन साहेब आले. मी म्हणालो, "मी सहा चाकांच्याच इंजिनाला तोंडी परवानगी दिली होती. याला इंजिनांची नावं येत नाहीत साहेब, बैल म्हणतो."

"काय म्हणतोस रे त्या इंजिनाला?"

"आठबैली, साहेब."

सगळे हसले. मीही हसलो.

"मी मास्तरले सांगेल व्हतं," तो म्हणाला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही साहेब," मी म्हणालो. दोनच शब्द.

त्याला सांध्यांवरून काढून लांबच्या गँगमध्ये, रूळ दुरुस्तीला पाठवलं. क्वार्टर गेलं. शेवग्याचं झाड त्याने दारात लावलं होतं, ते तिथेच राहिलं. जाताना तो मला एवढंच म्हणाला, "मास्तर, सिग्नलना कंदील भरी ठेयेल शेतस."

त्यानंतर माझ्या मनात तो नेहमी उन्हात घण मारत असायचा. सात-आठ वर्षांनी नंदुरबारच्या फलाटावर मिरचीच्या पोत्यांशेजारी तो दिसला. पण त्याच्या डोक्याला पांढराशुभ्र रुमाल होता आणि चेहरा भरलेला. गँगचा मुकादम झाला होता. पोरीचं लग्न झालं होतं. मी इतका मोठा श्वास सोडला की त्याने विचारलं, "दम लागना का मास्तर?"

"कसं चाललंय?"

"बरं शे. तठे मन्हं ऐकतस."

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोपं गेलं असतं. त्याच्या गँगमधली सगळी माणसं आता आठबैली, सहाबैलीच म्हणत होती. तेवढ्यात मालगाडी आली.

"सांगा मास्तर, कोनती?"

मी नीट मोजली. "आठबैली. पुढे-मागे वासरं."

तो खळखळून हसला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि गार्डाच्या डब्याकडे निघाला. मी त्याच्या मागे दहा-बारा पावलं गेलो. वाक्यं तयार होती, मोडकी का होईना, त्याच्याच बोलीत. गार्डाने शिट्टी दिली, गाडी त्याला घेऊन हलली, आणि ती वाक्यं माझ्यापाशीच राहिली.

दादा, तुम्ही सांगेल व्हतं. मी ऐकेल व्हतं. मी खोटं बोलनू. माले माफ करा.