मी मळवलेलं लुगडं

"काहून बे, मिलमधी गेला तर बायकोले मालकीण समजून राहिला का?"

मालगुजार, गावाचा जमीनदार, ओट्यावरून बोलला. पान चघळत. भोवतीचे हसले. आम्ही खाली, रस्त्यावर. वहाणा हातात. कौतिकाच्या, माझ्या बायकोच्या, अंगावर तांबड्या काठाचं पिवळं लुगडं. पदरावर काळा चिखल.

"चिखल लावला जी मालक."

"लावला. पन काठ चमकते ना बे अजून."

"चुकलं मालक."

तो चिखल मी लावला होता. माझ्या हातांनी.

माझ्या त्या गावात आमच्या महारवाड्याला नियम होता. नवं कापड नवं दिसता कामा नये. आधी गावाबाहेरच्या नाल्यात मळवायचं, मग वहाणा हातात घेऊन मालगुजाराच्या ओट्यासमोरून जायचं. माझ्या आईनं तेच केलं. आजीनंही. मी नागपुरात मिलमध्ये कापडाचे साचे चालवत होतो. दिवसभर लोकांसाठी कोरं कापड विणत होतो. आणि हा नियम अंगात घेऊन फिरत होतो.

ते लुगडं मी इतवारीच्या बाजारातून आणलं होतं. आमची मुलगी तापात गेली तेव्हापासून कौतिका बोलायची नाही. केस विंचरायची नाही. चुलीपुढं बसली की बसूनच राहायची. लुगड्याची घडीही तिनं तशीच पेटीत टाकली. मग एका संध्याकाळी मी पाळीवरून आलो, तर ती ते नेसून दारात उभी. सण नव्हता. कुठं जायचं नव्हतं.

"कशी दिसून राहिली मी?"

मी जेवणाचा डबा हातातच धरून बघत राहिलो.

"बोला ना जी! भोंग्यानं बहिरे झाले का?"

किती दिवसांनी ती हसली होती.

पुढं जीव उदास झाला की ती पेटी उघडायची. "हे नेसलं का बरं वाटते मले," म्हणायची. मान वर व्हायची. शेजारणीला हाक मारायची. भाकरी थापताना गुणगुणायची. कापड माणसाला एवढं उचलून धरतं, हे मला, रोज कापड विणणाऱ्याला, ठाऊक नव्हतं.

गावाकडं भावाचं लग्न निघालं. काटोलपर्यंत मोटार, पुढं पायी. नाला आला.

"थांब वं. पदर बुडव."

"काहून जी?"

"मालगुजाराच्या ओट्यासमोरून जा लागते."

"मंग? त्याचा ओटा लुगडं नेसते का?"

ती हसत होती. मी वाकलो. ओंजळभर चिखल उचलला आणि तिच्या पदराला फासला. तिनं माझा हात धरला नाही. फक्त हसणं थांबलं.

आणि ओट्यासमोर मी 'चुकलं' म्हणालो, तेव्हा तिनं मालगुजाराकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

लग्नघरी पोचताच तिनं पदर धुतला. रिठ्यानं घासघास घासला. डाग गेला नाही. दुसऱ्या दिवशी परत निघताना तिनं तेच लुगडं नेसलं. मी म्हणालो, मागच्या वावरातून जाऊ. ती ओट्याच्या रस्त्याला लागली. मी मागं.

"ए! काल काय सांगतलं बे तुले?"

हातातल्या वहाणा खाली टाकल्या. पायात घातल्या.

"आता नाही मळवणार," मी म्हणालो.

'मालक' हा शब्द तोंडात आला नाही. पुन्हा कधी आला नाही. एक ढेकूळ पाठीत बसलं. आम्ही थांबलो नाही.

पण हे सांगून मी सुटत नाही. पहिल्या दिवशी त्या माणसानं ओट्यावरून बोलण्यापलीकडं काही केलं नव्हतं. तिच्या लुगड्याला हात मी लावला. इतक्या वर्षांनीही ती ते सणावारी नेसते, पदराचा डागाळलेला कोपरा कमरेला आत खोचून. जीव उदास झाला की मात्र आता पेटी उघडत नाही. चुलीपुढं बसून राहते.

येत्या उन्हाळ्यात पुतण्याचं लग्न आहे. त्याच गावात. नवी सून हळदीच्या पिवळ्या लुगड्यात नाल्यावरून येईल. भाऊ घाबरतो. म्हणतो, "थोडासा चिखल लावू गा दादा, काय बिघडते?"

काय बिघडतं ते मी माझ्या घरात रोज पाहतो.

मी त्या नाल्याशी आधी जाऊन उभा राहणार आहे. जो वाकेल त्याचा हात धरीन. माझा भाऊ वाकला तरी.