पाच दिव्यांचं रडणं

माझ्या नातीचं रडणं मी कानांनी कमी आणि डोळ्यांनीच जास्त ऐकलं. साठीनंतर माझे कान हळूहळू मिटत गेले, पण घरात कुणाला मी कळू दिलं नाही. शेवटच्या बाकावरची कुजबुज पकडणारी मी मास्तरीण. बहिरी म्हणवून घेणार होय? झाकली मूठ सव्वा लाखाची.

सुनेची बाळंतपणाची रजा संपली, तारिहाळच्या कारखान्यात परत रुजू व्हायचं होतं. "आई, झेपेल ना तुम्हाला? नाहीतर पाळणाघर आहेच," ती म्हणाली. मला नात हवी होती. म्हटलं, झेपेल.

मग बेबी मॉनिटर घ्यायला आम्ही दुर्गदबैलच्या बाजारात गेलो. इंटरनेटवर चालणारा कॅमेरा सुनेला नको होता. कुणी परकं घरात डोकावायला नको. "नोड्री अक्का, हा बघा," दुकानदार म्हणाला. "नुसता आवाजाचा. बाळ रडलं की हे पाच दिवेपण लागतात." मी तो हातातून सोडलाच नाही. आवाजानं माझं डोकं दुखतं, दिवे बरे, असं धडधडीत खोटं बोलले.

नवनगरच्या घरी सुनेनं पाळण्याजवळचं यंत्र चांगलं दोन हात लांब ठेवलं, त्याची वायर भिंतीला चिकटवली. जोडीचं दिव्यांचं यंत्र माझ्याकडे राहायचं; ते घेऊन ती स्वयंपाकघरात, परसात, सगळीकडे आवाज पोचतो का बघत फिरून आली. गच्ची तेवढी राहिली.

ते दिवस आठवले की अजून गुंगी येते. घर निःशब्द, आणि माझ्या हातात दिवे. एक लागला की ती उसासली, दोन लागले की स्वतःशीच बोलतेय, पाचवा तांबडा म्हणजे भूक. मी तिची झोप ओंजळीत घेऊन घरभर फिरायचे. इतकी सुखी मी कधीच नव्हते.

एका दुपारी सांडगी मिरच्या वाळवायला गच्चीवर गेले. ऊन सौम्य होतं, वरून पारवे गेले. दिवे विझलेले. किती शहाणी झोपते, म्हणत मी एकेक मिरची उलटत बसले.

खाली आले तर पाचही दिवे एकदम पेटले. पाळण्यात नात लालबुंद, हुंदक्यांनी गदगदत होती. डोळ्यांतलं पाणी ओघळून दोन्ही कानांत साचलं होतं. गच्चीपर्यंत यंत्र पोचतच नव्हतं. तसं झालं की ते शिटी मारतं, असं माहितीपत्रकात होतं. ती शिटी माझ्या हातातच वाजत राहिली असणार.

संध्याकाळपर्यंत ती हसायला लागली. न सांगता चाललं असतं. पण सून आली आणि मी तिला गच्चीचं सगळं सांगून टाकलं.

"किती वेळ रडत होती?"

"माहीत नाही. मला ऐकू येत नाही गं."

सुनेनं लेकीला उचलून छातीशी धरलं. आता पाळणाघर, मी मनाशी म्हटलं. मग तिनं माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं आणि ओठ सावकाश हलवत म्हणाली, "उद्यापासून गच्चीवर जायचं नाही. शनिवारी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ."

आणि नातीला माझ्या हातात दिलं. मी घळाघळा रडले, आणि तोंड लपवलं नाही.