कपाला कुंकू

आमच्या दाजींच्या तोंडी लागायला वारूळवाडीत कुणी तयार नसतं. सोपानदाजी दुकानांना काचा बसवतात. त्यांच्या ओरडण्यापायी हाताखाली एक माणूस टिकला नाही, म्हणून शेवटी माझी ताई, हर्षाली, त्यांच्या जोडीला उभी राहिली. काचेला रबरी कप चिकटवायचे, बटण दाबून आतली हवा काढायची आणि मुठी धरून दोघांनी काच उचलायची, असं ते काम. कपात हवा शिरून पकड सुटायला लागली, की बटणावरची लाल रेघ बाहेर येते. मूठ धरली की दाजींचं सुरू, "रबर पुसलं का? कोरडं हाय का? बटणाची लाल रेघ दिसली की खाली ठेव! पाय लांब!" चारचौघांत बायकोवर खेकसणारा हा माणूस मला डोळ्यांसमोर नकोसा व्हायचा.

मागच्या दसऱ्याला नारायणगावात पोपटलालशेठच्या कापडदुकानाचं उद्घाटन होतं. दरवाजाची जाड काच तेवढी बसवायची राहिली होती. दाजींनी पिशवीतून कप काढले आणि त्यांचं डोकंच फिरलं. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्यांच्या आईनं, साळुबाईंनी, हातोडी-ड्रिलबरोबर कपांचीही पूजा केली होती. हळदकुंकू मुठीला नाही, थेट रबरावर, जिथं काच धरायची तिथंच.

"आये, अगं हितं कुठं लावलंस? धुवावं लागंल आता."

उद्घाटनाला आलेल्या साळुबाईंनी त्यांचा हात धरला. "सणाच्या दिवशी देवाचं कुंकू धुतोस व्हय? नाय धुवायचं!"

"मुहूर्त टळतोय राव," शेठ म्हणाले. "एवढ्याशा कुंकवानं काय व्हतंय?"

आणि बारा महिने ताईवर तोंड टाकणारा माणूस आईपुढं, शेठपुढं मूग गिळून बसला! मला आजही त्याचीच चीड येते. त्यांनी फडक्यानं वरवर पुसलं, कप चिकटवले आणि दोघांनी काच उचलली.

ती वीतभर वर गेली असेल, तेवढ्यात ताईच्या कपाची लाल रेघ बाहेर आली.

"पाय!" दाजी किंचाळले.

तिनं पाय मागं ओढला आणि कप सुटला. काचेचा कोपरा फरशीवर आपटला, अख्ख्या दरवाजाचा चुरा झाला. क्षणापूर्वी ताईच्या पायाची बोटं तिथंच होती.

"माझा मुहूर्त!" शेठ ओरडले.

"खड्ड्यात गेला मुहूर्त! हिचा पाय गेला असता तर तुमी दिला असता का?" दाजी त्यांच्या अंगावर धावून गेले. मग आईकडं वळले, पण ताईनं त्यांना मधेच गाठलं.

"त्यांच्यावर कशाला वरडता? रोज मलाच वरडता, आन आज कुठं गेलं व्हतं तोंड? तुमाला ठावं व्हतं ना, हे धरणार नाय म्हणून?"

दाजी तिथंच बसून कपाचं कुंकू घासून काढायला लागले.

यंदा खंडेनवमीला मी त्यांच्याकडंच होतो. साळुबाईंनी हातोडीला, ड्रिलला कुंकू लावलं. धुऊन वाळवलेल्या कपांना लांबूनच हात जोडले. मग ताट घेऊन सुनेसमोर खाली बसल्या आणि तिच्या पायाच्या बोटांना कुंकू लावलं. ताई पार अवघडून गेली.

"पुस ते आधी!" दाजी खेकसले. "हाताला लागंल, हाताचं कपाला लागंल!"

"आज नाय पुसायची," ताई म्हणाली. "वरडा किती वरडायचंय ते."

दाजी खरंच ओरडत सुटले. मी मनात म्हटलं, ओरडा दाजी, फक्त गप्प बसू नका.