बान बाईंची हजेरी

आमच्या सोलगोल गावात बायकांना नावं नसायची. म्हणजे असायची, पण वापरायची कुणी? मी गमगोक गावची लेक, म्हणून लग्न होऊन आले त्या दिवसापासून गमगोकवाली. पोरगा झाल्यावर दोंगसूची आई. बावन्न वर्षं एवढ्यावर भागलं.

म्हणून तर लिहा-वाचायला शिकायच्या वर्गात पहिल्याच दिवशी फजिती झाली. गावातल्या म्हाताऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत बान बाईंनी काळा फळा टांगला, कोरी वही उघडली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "छू मालसुन!"

कुणी हूं की चूं करेना.

"छू मालसुन आली नाही का?"

मी शेजारच्या ह्वासनवालीला कोपराने ढोसलं. "कोण गं ही? आपल्या गावातली दिसत नाही."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गमगोकवाले, तूच ती."

अगं बाई! सगळ्याजणी त्या थंडीसाठी खालून तापवलेल्या जमिनीवर अक्षरशः लोळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालसुनमधलं माल म्हणजे शेवट. सहावीही मुलगीच झाली म्हणून बापाने वैतागून ठेवलेलं नाव. ते मी कशाला जपून ठेवू?

"हजर म्हण," बाई म्हणाल्या.

म्हटलं. एकाहत्तराव्या वर्षी.

बाई माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या. एकोणिसाव्या वर्षी डोंगरापलीकडच्या शाळेत लागल्या, त्या शेहेचाळीस वर्षं पोरांना शिकवत राहिल्या. तेव्हा मुलींना भावंडं सांभाळायला घरी ठेवायचे. बाई दारोदार जाऊन म्हणायच्या, "पाठीवर बांधून पाठवा ना! बाळ रडलं तर मी घेते." असं म्हणतात की एका कडेवर कुणाचं तरी मूल आणि दुसऱ्या हातात खडू, अशीच त्यांची कित्येक वर्षं गेली. स्वतःचं लग्न राहूनच गेलं. ह्वासनवाली भोचक, तिने एकदा विचारलंच. बाई म्हणाल्या, "अगं, रोज साठ पोरांची नाकं पुसून घरी जायचे. नवऱ्याची कधी पुसू?"

निवृत्त झाल्यावर गप्प बसतील तर शपथ. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना गाठायला मंगळवारी आणि शुक्रवारी बसने यायच्या. आम्ही भाजलेली रताळी न्यायचो, टोमॅटोसारखी दिसणारी, पिकलेली गोड खाकी फळं न्यायचो. फळ्यावरची ओळ वाचल्याशिवाय बाई एकाही रताळ्याला हात लावू द्यायच्या नाहीत. मी भांडायचे. "बाई, माझ्या डोक्यात आता दगड भरलेत!" त्या म्हणायच्या, "मग दगडावर कोरू. लिही."

माझी एक खोड मात्र त्यांनाही मोडता आली नाही. मी पहिलं अक्षर भोपळ्याएवढं काढायचे आणि शेवटच्याला जागाच उरायची नाही. "मालसुन, आधी जागा बघ!" हे मी तेरा वर्षं ऐकलं.

चार वर्षांपूर्वी आमच्या वर्गातली बोकनाम गेली. आमच्याकडे शवपेटीवर लाल कापड घालतात, त्यावर मेलेल्याची ओळख लिहितात. पुरुष असला तर नाव. बाई असली तर फक्त कुळ आणि आडनाव. बोकनामच्या कापडावर बोकनाम कुठेच नव्हती. पुढच्या शुक्रवारी बाईंनी हजेरी घेतली, तिच्या नावापाशी थांबल्या, चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"माझं कापड तू लिहायचंस. पूर्ण नाव."

"मी? माझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं!"

"असू दे. तू भांडखोर आहेस. तूच लागशील."

तेव्हा हसण्यावारी नेलं. पण यंदा खाकी फळं पिकत असताना एक्क्याण्णवाव्या वर्षी बाई गेल्या. आम्ही वर्गातल्या अकराजणी दवाखान्यालगतच्या अंत्यविधीच्या दालनात पोचलो तेव्हा त्यांचा पुतण्या कापड लिहून घ्यायच्या तयारीत होता. मी सरळ मध्ये जाऊन उभी राहिले.

"बाबा, नाव लिहायचं. बान जंगओक."

"मावशी, बायकांचं कुळच लिहितात. रीत आहे."

"कुळ बसने आलं होतं का रे आम्हाला शिकवायला?"

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते आम्ही अकराजणी म्हणतोय ना! ऐक."

माणूस वाईट नव्हता. त्याने आमच्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि पांढऱ्या रंगात बुडवलेला कुंचला माझ्या हातात दिला. "मग तुम्हीच लिहा."

एवढ्या माणसांत चुकले तर बाईंची शोभा होईल, ही एकच भीती. वरून खाली लिहीत आले. बान झालं. जंग झालं. आणि बघते तर काय, पुन्हा भोपळे! ओक कसंबसं काठाशी चेपून बसवलं. मी मागे वळून पाहिलं. ओरडणारं कुणी नव्हतं, आणि तिथे मात्र मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर पेटी खड्ड्यात उतरवली, वर ते कापड पसरलं. पुतण्या माती लोटणार, तेवढ्यात मी म्हटलं, "थांब." बाईंच्या वर्गात लिहिलेलं मोठ्याने वाचावंच लागायचं. मी वाचलं, "बान जंगओक!"

कुणी हूं की चूं करेना.

मग ह्वासनवालीने माझा हात घट्ट धरला आणि खड्ड्याकडे बघत म्हणाली, "हजर."