तिसरी बॅग

शनिवार, दुपारचे चार. मुलुंड पूर्व, दुसरा मजला. हजर: मी, माझा नवरा, आमची लेक प्रज्ञा आणि चौथ्या मजल्यावरच्या काकू. काकू दाराबाहेर.

प्रज्ञा सरकारी शिष्यवृत्तीवर शिकायला जर्मनीला निघाली होती. विमान रविवारी दुपारचं. हॉलमध्ये तीन बॅगा उघड्या पडल्या होत्या. काकूंच्या हातात स्टीलचा मोठा डबा होता, त्यांच्या मुलासाठी. अद्वैत त्याच शहरात नोकरीला आहे.

"आत या ना," मी म्हटलं.

"नको गं. देवाचं आहे हातात."

अकरा वर्षांत हातात काही नसतानाही त्या कधी आत आल्या नव्हत्या.

"स्टूल आहे का?" काकूंनी विचारलं. नवऱ्याने स्टूल आणून दारात ठेवलं. पुसलंसुद्धा. काकूंनी काखेतून वर्तमानपत्र काढलं, आमच्या पुसलेल्या स्टुलावर पसरलं आणि त्यावर डबा ठेवला. वर्तमानपत्र त्यांनी घरूनच आणलं होतं.

"नैवेद्याचे लाडू आहेत आणि नातवाच्या पूजेचं सामान. विद्यार्थ्यांना एक बॅग जास्त मिळते ना? तुम्हाला काय बाई, सरकारच पाठवतंय. त्या बॅगेत वेगळा ठेव. तुमचं ते सुकं-बिकं असतं ना, त्याला लागायला नको. आणि प्रज्ञाने उघडायचा नाही हं. अद्वैत विमानतळावर येईल, त्याच्याच हातात द्यायचा."

"हो काकू," मी म्हटलं. हसून म्हटलं. काकू वर गेल्या आणि नवऱ्याने डब्यासकट स्टूल हॉलमध्ये घेतलं.

मी पालिकेच्या हॉस्पिटलात स्टोअर सांभाळते. कुठलीही वस्तू आली की तिला जागा शोधायची, वहीत नोंद करायची. हात आपोआप चालतात. तिसऱ्या बॅगेतून मी बोंबलाची चटणी काढली. माझ्या आईच्या लुगड्यांची गोधडी काढली. वहीतल्या यादीत प्रज्ञाच्या चार वस्तूंवर काट मारली आणि खाली लिहिलं: तिसरी बॅग, काकूंचा डबा, वेगळा ठेवणे.

प्रज्ञा वाचत होती.

"आई, ही बॅग माझी आहे ना?"

"अगं, एवढ्याशा डब्याने काय होतंय? अद्वैतदादा न्यायला येणारे तुला. नवा देश, तीन बॅगा, कोण ओळखीचं आहे तिथे?"

"ते ठीक आहे. पण 'वेगळा ठेवणे' तू का लिहिलंस?"

मी वहीकडे बघितलं. माझंच अक्षर. नीटनेटकं. खाली पट्टी धरून रेघ मारलेली.

माझी आई पार्ल्यात एका घरी धुणंभांडी करायची. तिची पिशवी आत नेलेली त्यांना चालायची नाही. बाहेर जिन्यात, चपलांजवळ ठेवायची. त्यात आमची भाकरी असायची. एक दिवस आईने त्या बाईंकडे खिळा मागितला, स्वतः भिंतीत ठोकला आणि पिशवी त्याला अडकवली. घरी येऊन खुशीत म्हणाली, "आता कसं व्यवस्थित झालं." मी आठ-नऊ वर्षांची होते. मलाही ते व्यवस्थितच वाटलं होतं.

वहीतली ती ओळ म्हणजे तोच खिळा. या वेळी ठोकणारी मी. तोही माझ्या पोरीच्या बॅगेत.

राग काकूंचा नाही आला आधी. माझ्या 'हो काकू'चा आला.

मी ओळ खोडली. काकूंना स्पीकरवर फोन लावला.

"काकू, डबा नेईल प्रज्ञा. पण वेगळा नाही. चटणीशेजारी, गोधडीत गुंडाळून. चालेल?"

"अगं, असं काय बोलतेस? आम्ही मानतच नाही तसलं काही. पण देवाचं आहे म्हणून..."

"मग चालेल?"

"राहू दे. वर पाठव डबा. आणि अद्वैतला जमेलसं वाटत नाही हं उद्या. कामं असतात त्याला."

म्हणजे माझी पोर परक्या शहरात एकटी उतरणार. प्रज्ञाने फोनवरचं सगळं ऐकलं होतं. ती गोधडीची घडी घालत होती.

"ट्रेन आहे तिथे, आई. जाईन मी."

मग मी फोनमध्ये म्हटलं, "वर नाही पाठवणार, काकू. तुम्ही ठेवलाय, तुम्ही न्या. आत या, बसा, घेऊन जा."

फोन कट झाला.

रविवारी तिसऱ्या बॅगेतून प्रज्ञाचंच सामान गेलं. सोमवारी पहाटे मेसेज आला: 'पोचले. तीन बॅगा घेऊन दोन जिने चढले. हात सोलवटलेत.'

सकाळी काकूंची कामवाली डबा मागायला आली. मी तिला आत बसवलं, चहा दिला, रिकाम्या हाताने पाठवलं. तिने त्यांचं ओझं का उचलायचं? दुपारी नवरा म्हणाला, "सोड ना आता. शेजार आहे. मी देऊन येतो." मी म्हटलं, "हात लावायचा नाही."

आज गुरुवार. डबा अजून स्टुलावर आहे. लाडवांना वास सुटला तरी मी तो हलवणार नाही, खालचा कागदही सरकवणार नाही. हॉलमध्ये एक खुर्ची रिकामी ठेवली आहे.

वहीत सगळ्या कामांवर टिक झाली. एक ओळ बाकी आहे: काकूंनी आत येऊन डबा नेणे.