दाजीकाकांची दुसरी लाइन

रोज पावणेचार वाजले की आमच्या शेजारचे दाजीकाका इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसत आणि इंटरनेटची चालू वायर स्वतःच्या हाताने उपटून काढत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ओरडलेच, "काका, ह्या काय करतास तुमी?"

"मारून बघतंय," ते शांतपणे म्हणाले. "वायर काय माका सांगून मरतली? आपणच आधी मारून बघूक व्हयी."

आयुष्य जहाजाच्या इंजिनखोलीत गेलेला माणूस. तिथे प्रत्येक पंपाला जोडीचा पंप. गावी, आरोंद्यात परतल्यावरही घरात सगळं दोन-दोन. माणूस मात्र एकटा. काकी गेल्या होत्या, आणि एकुलता एक मुलगा सुहास तेलाच्या जहाजावर, हल्ले होतात त्या समुद्रात. तो रोज चारला व्हिडिओ कॉल करी. "झिलाचा तोंड दिसला काय माका घास जाता," काका म्हणत. एकदा वायर तुटली तर दोन दिवस खरंच जेवले नाहीत, हट्टी कुठले!

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, म्हणून दुसऱ्या लाइनचं काम माझ्या गळ्यात पडलं. सिमकार्डाचं डोंगल आणलं आणि केबलची लाइन पडली की कॉम्प्युटर आपोआप डोंगल धरेल अशी सेटिंग केली. काकांनी राउटरपुढे नारळ ठेवून चक्क गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, एक वाट बंद पडली तर दुसरी मोकळी ठेव रे म्हाराजा!" मागून "व्हय म्हाराजा" म्हणायला मी एकटीच. हसू आवरत म्हटलं. त्या दिवसापासून रोज वायर उपटायची, डोंगलवर चित्र आलं की परत लावायची. एकदाही फसलं नाही.

पुढे एकदा आमच्या दारात केबल जोडायला आलेला लाइनमन सहज बोलून गेला, "मॅडम, डोंगरावरच्या टॉवराक पण हीच केबल जाता. ही तुटली काय तो पण आंधळो." म्हणजे काकांची लाइन आणि टॉवरवर चालणारं डोंगल, दोन्ही एकाच केबलवर. काका फक्त आपल्या घरातलं टोक उपटून बघत होते! सांगायला गेले, तर ते मजेत जेवत होते. म्हटलं, उद्या सांगू. असे पंधरा दिवस गेले. माझ्या जिभेला काय झालं होतं, कोण जाणे.

वादळाच्या दिवशी सकाळीच वीज गेली. दुपारी रस्त्यावरचा माड केबलीवर आडवा झाला. मी धावत गेले तेव्हा काका इस्त्रीचा शर्ट घालून इन्व्हर्टरवर चालणाऱ्या कॉम्प्युटरपुढे बसले होते. "पयली गेली, जावंदे," म्हणाले. "पण दुसरी कित्याक येणा नाय गो?"

मग सांगितलं.

"कधी कळला तुका?"

"पंधरा दिवस झाले, काका."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, खिशात घातला आणि चपला शोधू लागले. डोंगराच्या माथ्यावर गोव्याकडची रेंज मिळते, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. मी हात धरला. "ह्या वाऱ्यात जाव नकात, काका!"

"चार वाजतले गो," ते म्हणाले आणि हात सोडवून निघाले. मी दारात उभी राहिले. मागे जायला हवं होतं, गेले नाही.

वारा पडल्यावर माणसं गेली, तेव्हा ते अर्ध्या चढावर काजूच्या बुंध्याला टेकलेले सापडले. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. फोन कोरडा होता. रस्ते बंद, साऱ्या गावाचे फोन बंद. सुहासला कळवायला मार्गच नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी वीज आली, केबलही जोडली गेली. मी काकांच्या घरी जाऊन त्यांच्या खुर्चीत बसले. ते काम दुसऱ्या कुणाचं नव्हतंच. बरोबर चारला कॉल आला.

"ताई, तू?" सुहास हसला. "दोन दिवस कॉल लागूकच नाय. बाबा कावले असतले. खंय आसत?"

मी सांगितलं. पंधरा दिवसांचंही सांगितलं. लाइन एकदाही अडकली नाही. त्याचा चेहरा मला शेवटपर्यंत स्वच्छ दिसत होता.